भोयर ब्रदरचा गुरुवार

ही हकीकत आर्णी तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राची आहे. गावाचं नाव देत नाही. एकदा दिलं होतं. त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

त्या केंद्रासमोर दर गुरुवारी सव्वादहाच्या सुमारास यवतमाळहून येणारी एसटी थांबत असे आणि तिच्यातून पंचावन्नच्या पुढचा एक माणूस उतरत असे. बुटका, रुंद खांद्यांचा. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, खांद्याला रेक्झिनची काळी बॅग आणि हातात स्टीलचा दोन खणी डबा. उतरल्यावर तो आधी ड्रायव्हरकडे पाहून हात वर करायचा आणि मग रस्ता ओलांडायचा. हे दिगंबर भोयर. हुद्दा मानसोपचार परिचारक. नागपूरला मनोरुग्णालयात अनेक वर्षं काढून पुढे यवतमाळ जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य पथकात आलेले. सरकारी दवाखान्यात बाई असेल तर सिस्टर आणि पुरुष असेल तर ब्रदर, म्हणून सगळे त्यांना ब्रदर म्हणत. मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर महिन्यातून एकदा यायचे. ब्रदर दर गुरुवारी.

मी तेव्हा एका दैनिकाचा आर्णीचा तालुका प्रतिनिधी होतो. त्यांची भेट झाली ती सलाईनच्या बातमीमुळे.

प्रत्येक आरोग्य केंद्राचे काही ठरलेले रुग्ण असतात. इथले कर्मचारी त्यांना 'रोजचे' म्हणत. कोणाला छातीत धडधडायचं, कोणाच्या घशात गोळा अडकायचा, कोणाच्या हातापायाला मुंग्या यायच्या, कोणाच्या टाळूतून वाफा निघायच्या. रक्त, लघवी, ईसीजी, यवतमाळला सोनोग्राफी, नातेवाईक असतील तर नागपूर. सगळे रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर सांगायचे, तुम्हाला काही झालेलं नाही. माणूस घरी जाऊन तेच सांगायचा आणि घरचे त्याच्याकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागायचे. दुखणं जागच्या जागी. मग तो पुन्हा आरोग्य केंद्रात यायचा आणि बाटली मागायचा. बाटली म्हणजे सलाईन. गरज नसताना सरकारी सलाईन लावलं जातं, अशी तक्रार माझ्याकडे आली होती आणि ती खरी होती.

त्या दिवशी मी वॉर्डाच्या दारात उभा राहून खाटा मोजत होतो. एका खाटेवर एक म्हातारा पाय हलवत बसला होता. कंबर, मान आणि डोळ्यांची आग अशी त्याची तक्रार. डॉक्टरांनी तपासून झालं होतं. खाटेशेजारी ब्रदर लाकडी स्टूल ओढून बसले. म्हाताऱ्यानं विचारलं, बाटली कुठे आहे. ब्रदर म्हणाले, "बाबा, आज बाटली मीच हाओ."

म्हाताऱ्यानं त्यांना वरून खाली पाहिलं. मग सलाईनच्या लोखंडी स्टँडकडे बोट केलं आणि म्हणाला, "मंग लटक तथी."

ब्रदर इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. म्हातारा हसला नाही. पण तो आडवा झाला आणि तासभर उठला नाही.

ब्रदरची पद्धत या बाटलीतूनच आलेली होती. ती त्यांनी मला नंतर समजावून सांगितली. बाटली उतरायला साधारण तास लागतो. तेवढा वेळ हातात सुई असते, माणसाला हलता येत नाही, कोणी त्याला कामाला हाक मारत नाही, आणि शेजारी कोणी बसलं तर त्याला कोणी हटकत नाही. घरात, शेतात, बाजारात कुठेही न मिळणारा तास त्याला इथे मिळतो. लोक पाण्यासाठी येत नाहीत, या तासासाठी येतात, असं त्यांचं मत होतं. "अर्धी बाटली झाली का माणूस बोलते," ते म्हणत. "पयले अर्धी बाटली तो दुखणं सांगते. मंग सांगाचं सरते. मंग चूप बसते. मंग बोलते." म्हणून गरज नसेल तिथे त्यांनी डॉक्टरांकडून बाटली बंद करून घेतली, खाट, स्टूल आणि तास मात्र तसाच ठेवला. खोटी बाटली टांगून ठेवावी, असं एका कर्मचाऱ्यानं सुचवलं होतं. ब्रदरनी त्याला उत्तरही दिलं नव्हतं.

बसण्याआधी ते मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवत. स्टूल खाटेच्या समोर कधीच नसे. उशाकडे, थोडं बाजूला, दोघांची तोंडं एकाच खिडकीकडे होतील असं. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "समोर बसलं का माणूस जबाब देते. बाजूले बसलं का बोलते. तुमचं बरं हाये, तुम्हाले जबाबच पाह्यजे." समोर रुग्ण असताना ते एक अक्षर लिहीत नसत. लिहायचे ते परतीच्या गाडीत, मांडीवर रजिस्टर ठेवून. त्यामुळे त्यांच्या सगळ्या नोंदी हलत्या अक्षरात आहेत. कुठे अक्षर चांगलं आलं असेल, तर गाडी थांब्यावर उभी असेल.

केंद्राच्या वैद्यकीय अधिकारी तरुण होत्या, लातूरकडच्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. चांगल्या डॉक्टर होत्या, पण सकाळची गर्दी मोठी आणि त्या एकट्या. एकदा त्यांनी एका रुग्णाला सवयीनं सांगितलं, तुम्हाला काही झालेलं नाही. ब्रदर दारात उभे होते. रुग्ण बाहेर जाईपर्यंत थांबले आणि मग हळूच म्हणाले, "मॅडम, रिपोर्टात काही नाही, असं म्हना. मानसाले काही नाही, असं नका म्हनू. त्याचं दुखते."

मॅडमनी हे वाक्य पुढे स्वतः मला सांगितलं. तेव्हापासून त्या केंद्रात 'काही नाही' हे दोन शब्द जवळजवळ बंद झाले. औषध देणारेसुद्धा, गोळी शिल्लक नसली की, "गोळी संपली" म्हणू लागले.

स्टूल ओढण्याआधी ब्रदरची एक अट असे. मॅडमनी त्या दिवशी त्या रुग्णाला हात लावून तपासलेलं असलं पाहिजे. रुग्ण दहाव्यांदा आलेला असो, रिपोर्ट परवाचे असोत. कर्मचारी वैतागत. मॅडमही सुरुवातीला चिडल्या; हे सगळं मनाचंच आहे, असं तुम्हीच सांगता ना, म्हणाल्या. ब्रदर वाद घालत नसत. स्टुलाला हात न लावता उभे राहत.

यामागचं कारण त्यांनी मला एका संध्याकाळी बसथांब्यावर सांगितलं. मी विचारलं नव्हतं. बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसऱ्या तालुक्यात, त्यांच्याकडे मेंढ्या राखणारा एक माणूस यायचा. डाव्या खांद्यात दुखायचं. आधी तपासण्या झालेल्या, नॉर्मल. ब्रदर चार गुरुवार त्याच्याजवळ बसले. त्याच्या घरात एक मरण झालेलं होतं. तो त्याबद्दल बोलला, रडला, त्याला बरं वाटू लागलं. पाचव्या गुरुवारी तो आला नाही. तो रविवारीच रानात हृदयविकारानं गेला होता.

"मी त्याचं मन इतकं बराबर आयकलं," ब्रदर म्हणाले, "का मले त्याचा खांदा दिसलाच नाही."

एवढं बोलून ते गाडीची पाटी वाचायला पुढे गेले. ती त्यांची गाडी नव्हती.

आता माझ्या बातमीबद्दल.

गुरुवारच्या त्या खोलीवर एक चांगली बातमी होऊ शकते असं मला वाटलं, आणि हेतूत खोट नव्हती. त्या सुमारास ब्रदरकडे कमला राठोड नावाची चाळिशीतली बाई यायची. शेजारच्या तांड्यावरची, नवरा, सासू, लग्नाची मुलगी, स्वतःचं शेत. तिचे दोन्ही हात मनगटापासून बधिर व्हायचे. हातातली घागर कधी सुटेल याचा नेम नव्हता. दोन वर्षांत ती यवतमाळ, नांदेड, नागपूर करून आली होती. रिपोर्ट ठेवायला तिच्याकडे एक कापडी पिशवी होती, तिनं स्वतः भरतकाम केलेली. आरसे, कवड्या आणि लाल-पिवळे टाके. तिच्या पिढीतल्या तांड्यावरच्या बायकांनी हे काम सोडून दिलेलं. तिनं आईकडून उचललं होतं आणि हात बरे होते तोवर केलं होतं. ब्रदरनी पहिल्या दिवशी रिपोर्टांच्या आधी पिशवी हातात घेतली आणि एकेक टाका विचारला. बाई तासातला पाऊण तास टाक्यांवरच बोलली. पाच गुरुवार झाले. हात अजून बधिर व्हायचे, पण घागर सुटली नव्हती. ती काय बोलायची ते मला माहीत नाही.

मी फोटो काढला तो व्हरांड्यातल्या बाकाचा, मागून. रुग्णांची ओळख उघड करायची नाही हा नियम मला पाठ होता. एकाही माणसाचा चेहरा फोटोत नव्हता. एका बाजूला अर्धा गाल येत होता, तो मी कापला. कमलाबाईच्या खांद्याला मागे लटकलेली पिशवी फोटोच्या बरोबर मध्यभागी होती. ती छान दिसत होती. ती मी ठेवली.

बातमी बुधवारी आली. मथळा: 'ग्रामीण भागात मनोरुग्ण वाढले, आरोग्य केंद्रात दर गुरुवारी रांग'. खाली गावाचं नाव. मथळा डेस्कनं दिला होता, असं सांगून मी बरेच दिवस स्वतःची सोय केली. पण 'मनोरुग्ण' हा शब्द माझ्याच मजकुराच्या तिसऱ्या ओळीत होता.

दुसऱ्या दिवशी गुरुवारी कोणी आलं नाही. दुपारी कमलाबाईचा नवरा आला. त्याच्या फोनमध्ये बातमीचा फोटो होता. तांड्यावर तो प्रत्येकाच्या फोनमध्ये होता आणि तशी पिशवी पंचक्रोशीत एकीचीच होती. मुलीची सोयरीक उमरखेडकडे ठरली होती. तिकडच्यांचा सकाळीच निरोप आला, मुलीची आई येडी आहे हे आम्हाला का सांगितलं नाही. तो ओरडला नाही, असं मॅडम म्हणाल्या. म्हणाला, "माह्या बायकोचं नाव रजिस्टरातून काढा." ब्रदरनी त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही.

मला हे आठ दिवसांनी कळलं. पुढच्या गुरुवारी मी केंद्रात गेलो तेव्हा अकरा वाजले होते. खोलीत खाटेवर चादर घातलेली, उशी नीट ठेवलेली. शेजारी स्टुलावर ब्रदर बसले होते, नेहमीच्या जागी, उशाकडे थोडं बाजूला. तोंड खिडकीकडे. मनगटावर घड्याळ नव्हतं.

मी म्हणालो, दुरुस्ती छापतो.

"नका छापू. दुरुस्ती म्हंजे तेच पुन्हा एकदा."

मी म्हणालो, तुम्ही तांड्यावर जाऊन त्यांना समजावून सांगा, हवं तर मी येतो. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "मी गेलो त सारा तांडा पाहीन, ब्रदर कोनाच्या दारात उभा हाये. मंग ते घर कायमचं गेलं. तुम्ही आले त अजूनच बरं."

"मग करणार काय?"

"बसतो."

"कोणीच आलं नाही तर?"

"तरी बसाच लागन ना भाऊ. कोनी येऊन पाह्यलं आन् स्टूल खाली असलं, त मंग?"

त्यांच्या रागाची मी वाट पाहत होतो. राग आला नाही. खरं तर तो आला असता तर बरं झालं असतं. दीड वाजता त्यांनी डबा उघडला. पोळ्या आणि बटाट्याची सुकी भाजी, स्वतः केलेली. पत्नी काही वर्षांपूर्वी गेल्या होत्या, मुलगी पुण्याला नोकरीत होती. एवढी माहिती मला त्यांच्याकडून नाही, कारकुनाकडून मिळाली. त्यांच्याकडून मी कधी काही मिळवायचा प्रयत्न केला नव्हता असं नाही. एकदा विचारलं होतं, दिवसभर तुम्ही सगळ्यांचं ऐकता, तुमचं कोण ऐकतं. म्हणाले, "कंडक्टर. मी म्हनतो, यवतमाळ एक. तो आयकते."

त्या दिवशी पाचच्या गाडीपर्यंत ते खोलीत बसून होते. त्यानंतर आणखी चार गुरुवार तसेच गेले, असं रजिस्टर सांगतं. त्या तारखांपुढे रुग्णसंख्येच्या रकान्यात शून्य आहे, आणि एरवी ते गाडीत लिहीत असले तरी इथे अक्षर सरळ आहे. बहुधा त्यांनी ते खोलीतच लिहिलं असावं.

पाचव्या गुरुवारी ते बॅगेत स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. खोलीवरची 'समुपदेशन कक्ष' ही पाटी त्यांनी स्वतः उतरवली आणि कपाटामागे ठेवली. मग मॅडमना म्हणाले की गुरुवारचं बीपी मी घेतो. सिस्टरला दुसरी कामं भरपूर आहेत. बीपीचं टेबल व्हरांड्यात मधोमध होतं. तिथे सगळ्यांना यावंच लागायचं. खोकलावाला, साखरवाला, कुत्रा चावलेला, गरोदर बाई. कोण कशासाठी आलं हे आता बघणाऱ्याला कळत नव्हतं. ब्रदर पट्टा बांधायचे, हवा भरायचे, आकडा लिहायचे. आणि हात लगेच सोडायचे नाहीत. दोन मिनिटं नाडीवर बोटं ठेवून काहीतरी विचारायचे. झोप लागते का, कापसाची वेचणी कुठवर आली. ज्याला गरज असेल त्याला म्हणायचे, जरा आत पडून राहा, पुन्हा पाहू. आतली खाट तीच होती.

रोजचे एकेक करून परत आले. तो म्हातारा आधी आला. पट्टा दंडावर बांधत असताना म्हणाला, "आता हवा भरून राह्यला काय?"

कमलाबाई दिवाळीनंतर आली. तेव्हा मी डेंग्यूच्या बातमीसाठी व्हरांड्यात होतो, म्हणून हे पाहिलेलं सांगतो. ती एकटी नव्हती, सासूला घेऊन आली होती. म्हातारीला चक्कर यायची. कमलाबाईच्या हातात सासूचे कागद होते, प्लास्टिकच्या पिशवीत. भरतकामाची पिशवी दिसत नव्हती. कमलाबाई वाळली होती. मला तिनं ओळखलं की नाही, कळलं नाही; मी खांबापलीकडे सरकलो.

ब्रदरनी सासूचं बीपी घेतलं. मग सुनेला म्हणाले, आल्याच आहात तर तुमचंही पाहू. आणि पहिल्यांदाच भेटत असल्यासारखं विचारलं, "नाव?"

"कमला राठोड."

ते लिहीत होते. "हात बधिर होते का?"

"होते."

"कव्हा?"

ती काही बोलायच्या आत सासू म्हणाली, "कामाच्या टायमाले होते तिचे हात बधिर. वेचणी आली का होते. जेवाले बसली का नाई होत."

बाकावरच्या दोन बायका हसल्या. कमलाबाई आपल्या दंडावरच्या पट्ट्याकडे बघत होती. ब्रदरनी हवा सोडली, पुन्हा भरली, पुन्हा सोडली. तीनदा. एवढा वेळ बीपीला लागत नाही. मग ते म्हातारीकडे वळले.

"आजी, बीपी तुमचं वाढलेलं हाये. तुम्हाले दर गुरुवारी या लागन. आन् एकट्या येऊ नका. रस्त्यानं चक्कर आली त कोन पाह्यन? कोनाले तरी संग आनत जा."

म्हातारीनं सुनेकडे पाहिलं. "हिलेच आनतो मंग. दुसरं कोन रिकामं हाये घरी."

"चालते," ब्रदर म्हणाले. "तुम्ही आता अर्धा तास बाकावर बसा, मंग पुन्हा पाहू. तवरक या पडतीन आत."

कमलाबाई उठली आणि आत गेली. दारातून मला खाटेचा पायथा तेवढा दिसत होता. ब्रदरनी टेबल सिस्टरकडे दिलं, मॅडमना खुणेनं बोलावलं. मॅडम आत जाऊन तिचे हात, मान, पाय तपासून बाहेर आल्या. मगच स्टूल ओढल्याचा आवाज आला.

दुपारी मी त्यांना विचारलं, म्हातारीचं बीपी खरंच वाढलं होतं का. ते थोडे दुखावले. "खोटा आकडा मी लिहीत नाही. वाढलेलं होतं." मग डब्याचं झाकण लावत म्हणाले, "महिन्यातून एकडाव बलावलं असतं तरी चाललं असतं."

ती सोयरीक मोडली. ही नोंद केली पाहिजे. मुलीचं लग्न पुढे दीड वर्षानं दुसरीकडे झालं, बाभुळगावच्या बाजूला. पण पहिली मोडली ती माझ्या बातमीनं. कमलाबाईचे हात पूर्ण बरे झाले असंही नाही. मॅडमच्या म्हणण्याप्रमाणे बधिरपणा कमी झाला, येतो तेव्हा ती घाबरत नाही, आणि खाली बसून तो जाण्याची वाट बघते. म्हातारी मात्र दर गुरुवारी सुनेला घेऊन येत राहिली. तिचं बीपी आटोक्यात आलं. चक्कर थांबल्यावरही ती येत होती, कारण आता बाकावर तिच्या ओळखी झाल्या होत्या.

ब्रदर निवृत्त झाले तो गुरुवार नव्हता, महिनाअखेरचा कुठलासा वार होता. सत्कार यवतमाळच्या कार्यालयात झाला. गावातून त्याआधीच्या गुरुवारी ते नेहमीसारखे पाचच्या गाडीनं गेले. त्या दिवशी मी नव्हतो. मॅडमनी सांगितलं ते असं: कमलाबाई आली होती. तिनं ती भरतकामाची पिशवी ब्रदरच्या टेबलावर ठेवली, रिकामी. ब्रदरनी विचारलं, यातले रिपोर्ट कुठे गेले. ती म्हणाली, "पेटीत टाकले. रोज हातात घ्याचं काम नाई पडत आता. तुमचा डबा ठेवा याच्यात." ब्रदरनी पिशवी उलटी करून आतला टाका पाहिला. त्यांच्या जागी कोणाची नेमणूक झाली नव्हती. पुढच्या गुरुवारी बीपीच्या टेबलावर सिस्टर होत्या. लोक आले, पट्टा बांधून घेतला, थोडा वेळ हात तसाच टेबलावर ठेवून बसले आणि मग उठून गेले.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. दोन वर्षं झाली असतील. एका अपघातातल्या जखमींची नावं घ्यायला मी यवतमाळच्या एका मोठ्या दवाखान्यात गेलो होतो. बाह्यरुग्ण विभागाच्या लांब बोळात बाकावर लोक नंबराची वाट पाहत बसले होते. आधी मला पिशवी दिसली. आरशांवर वरच्या ट्यूबलाइटचे तुकडे हलत होते. मग तिच्यावर ठेवलेले हात, मग माणूस. शर्ट पांढराच होता, गळ्यापाशी सैल. पिशवीतून एक्स-रेच्या पाकिटाचा कोपरा बाहेर आला होता.

त्यांनी मला ओळखलं. मी विचारलं, इथे कसे. पोटात दुखतं, म्हणाले. चार महिने झाले. सगळं तपासून झालं. रक्त, सोनोग्राफी, दुर्बीण. पुन्हा एकदा दाखवायला आलो.

आणि मी, इतक्या वर्षांच्या ओळखीनंतर, जे सगळे म्हणतात तेच म्हणालो. "काही नाही ना?"

ते हसले. पूर्वीसारखं चष्मा काढावा लागेल असं नाही.

"रिपोर्टात काही नाही," भोयर ब्रदर म्हणाले.

सोबत कोणी नव्हतं. त्यांच्या हातातल्या चिठ्ठीवरचा नंबर आणि दारावरचा नंबर यांत बरंच अंतर होतं. मला साडेबारापर्यंत जखमींची नावं कार्यालयाला पाठवायची होती. मी त्यांच्यासमोर उभा होतो. तिथून बाजूला झालो आणि बाकावर त्यांच्या शेजारी बसलो. समोर भिंत होती, खिडकी नव्हती. फोन दोनदा वाजला. मी तो बंद केला आणि घड्याळ काढून खिशात ठेवलं.

त्यांनी आधी दुखणं सांगितलं. कुठे सुरू होतं, कुठे जातं, जेवल्यावर किती, झोपताना किती. नर्सनं सांगावं तसं, नीट, क्रमानं. मग ते सांगून संपलं. मग ते गप्प बसले. आम्ही दोघं भिंतीकडे पाहत होतो.

अर्धी बाटली उतरायला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढ्या वेळानं ते बोलू लागले. काय बोलले, ते मी इथे देत नाही.